जुन्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती : तिचं मूळ कसं शोधायचं?

इतिहासाच्या पुस्तकात आपण 'साधने' हा धडा शिकतो. लिखित साधने, मौखिक साधने, भौतिक साधने. परीक्षेत व्याख्या लिहितो, दोन-दोन उदाहरणं देतो आणि विसरून जातो. आज यातलं भौतिक साधन प्रत्यक्ष हातात घेऊन बघू. साधन आहे वाफेच्या रेल्वे इंजिनाची छोटी प्रतिकृती.

सातारा-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांत माळ्यावर किंवा पेटीत काय काय निघतं, हे तुम्हाला सांगायला नको. समजा, मिरजेतल्या एखाद्या घरात साफसफाई करताना हातभर लांबीचं पितळ-तांब्याचं इंजिन सापडलं. काळं पडलेलं, एक कडी तुटलेली, नाव-गाव काही नाही. घरातली मंडळी तीन गोष्टी करू शकतात. मोडीत घालतील, म्हणजे वजनावर पैसे. चिंच-रांगोळीनं घासून दिवाणखान्यात ठेवतील. नाहीतर 'इंग्रजांच्या काळातलं खेळणं' अशी चिठ्ठी लावून मोकळे होतील. तिन्हींत नुकसान एकच, वस्तूची ओळख जाते. हे उदाहरण आपण सरावासाठी घेतलेलं आहे, पण त्यातली मोजमापं आणि रेल्वेचा इतिहास खरा आहे. चला तर, पायरी-पायरीनं जाऊ.

आधी प्रश्न नीट विचारा

'हे इंजिन कुठलं?' हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात दोन प्रश्न लपलेले आहेत.

१) ही प्रतिकृती कोणत्या खऱ्या इंजिनाची आहे?
२) ही प्रतिकृती कोणी आणि कुठे बनवली?

या दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. गणपतीची मूर्ती पेणची असली म्हणून तिचं रूप पेणचंच असतं असं नाही. ती दगडूशेठसारखी घडवलेली असू शकते. तसंच इथे. खरं इंजिन इंग्लंडमध्ये बनलेलं असेल आणि त्याची प्रतिकृती सांगलीत. दोन्ही प्रश्न एकत्र केले की गोंधळ होतो. पहिल्याचं उत्तर आकार आणि प्रमाण देतं, दुसऱ्याचं उत्तर कारागिरी देते.

पायरी १ : चाकं मोजा

वाफेच्या इंजिनाची पहिली ओळख चाकांवरून. पुढची छोटी चाकं, मधली दांड्यानं जोडलेली मोठी चाकं आणि मागची छोटी चाकं, असे तीन आकडे लिहायचे. या पद्धतीला फ्रेडरिक व्हाइट या अमेरिकन माणसाचं नाव आहे. आपल्याकडे मीटरगेजवर धावलेलं प्रसिद्ध वायपी इंजिन म्हणजे ४-६-२: पुढे चार, मधे सहा, मागे दोन. वायजी हे मालगाडीचं इंजिन २-८-२.

आपल्या नमुन्याच्या इंजिनाला पुढे छोटी चाकं नाहीतच. मधे आठ जोडलेली, मागे चार छोटी. म्हणजे ०-८-४. शिवाय मागे टेंडर नाही. पाणी आणि कोळसा इंजिनाच्या अंगावरच. अशा इंजिनाला टँक इंजिन म्हणतात.

इथेच कान टवकारायला हवेत. ०-८-४ ही रचना जगात फार थोड्या ठिकाणी वापरली गेली. खेळणी बनवणाऱ्या कंपन्या लोकांना माहीत असलेली, वेगवान, देखणी इंजिनं निवडत. आठ बुटक्या चाकांचं हे बसकं इंजिन कोण कशाला निवडेल? जे नेहमीचं नसतं तेच शोधाला सोपं पडतं, हे लक्षात ठेवा. वर्गात चाळीस 'पाटील' असतील तर आडनावावरून मुलगा सापडत नाही. एकच 'हणबर' असेल तर लगेच सापडतो.

पायरी २ : गेज मोजा

रुळांच्या आतल्या दोन कडांमधलं अंतर म्हणजे गेज. प्रतिकृतीसोबत रूळ नसतात, म्हणून व्हर्नियर कॅलिपरनं एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर घ्यायचं. गेज त्याहून थोडं जास्त असतं. आपल्या नमुन्यात हे अंतर ५८ मिमी येतं असं समजू. हौशी इंजिन बनवणाऱ्यांच्या ठरलेल्या गेजांपैकी याला जुळतं ते अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिमी. बाकीची ठरलेली गेजं म्हणजे ३२ मिमी, ४५ मिमी, साडेतीन इंच, पाच इंच वगैरे.

आता खरी गंमत. खऱ्या रेल्वेच्या गेजला ६३.५ नं भागून बघा.

ब्रिटनचं प्रमाणित गेज १४३५ मिमी : प्रमाण साधारण १ : २२.६
आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी : साधारण १ : २६.४
मीटरगेज १००० मिमी : साधारण १ : १५.७
अडीच फुटी नॅरोगेज ७६२ मिमी : बरोबर १ : १२

शेवटचा आकडा बघितला का? एक फुटाला एक इंच. अडीच फुटाचं गेज, अडीच इंचाची प्रतिकृती. फूटपट्टी घेऊन बसलेल्या माणसाला याहून सोयीचं प्रमाण नाही. नकाशावर सात फूट लिहिलं असेल तर सात इंच कापायचे, गुणाकार-भागाकार नको. अर्थात, आकडा सुबक आला म्हणजे सिद्ध झालं असं नाही. हा फक्त इशारा. ताळा करायला हवा.

पायरी ३ : रुंदीनं ताळा करा

चालकाच्या केबिनची बाहेरून रुंदी मोजा. आपल्या नमुन्यात ती १७५ मिमी धरू. म्हणजे गेजच्या जवळजवळ पावणेतीन पट. आता वरच्या चारही प्रमाणांनी गुणा.

ब्रिटिश प्रमाणित गेज धरलं तर खरी रुंदी येते जवळजवळ ४ मीटर. ब्रिटनच्या बोगद्यांतून आणि फलाटांमधून असं इंजिन जाऊच शकत नाही. ब्रॉडगेज धरलं तर साडेचार मीटरच्याही वर. आपले ब्रॉडगेजचे डबेसुद्धा साधारण सव्वातीन मीटर रुंद असतात. ही दोन्ही उत्तरं बाद. मीटरगेज धरलं तर पावणेतीन मीटर, नॅरोगेज धरलं तर २.१ मीटर. ही दोन्ही शक्य आहेत.

म्हणजे चारातले दोन गेले, दोन उरले. काहींना वाटेल, चाकांच्या व्यासावरून का नाही ठरवत? कारण तो एकटा फसवतो. डब्ल्यूपी या ब्रॉडगेज इंजिनाचं मोठं चाक ५ फूट ७ इंच आणि गेज ५ फूट ६ इंच, म्हणजे चाक जवळपास गेजइतकं. नॅरोगेजच्या बुटक्या इंजिनातही चाक साधारण गेजइतकंच असू शकतं. प्रमाण तेच, इंजिनं मात्र हत्ती आणि शेळी. केबिन रुळांबाहेर किती पसरली आहे, हे जास्त बोलकं असतं.

पायरी ४ : इतिहासाला विचारा

आता मोजपट्टी बाजूला ठेवून नकाशा घ्या. ०-८-४, टँक इंजिन, बहुधा अडीच फुटी नॅरोगेज. असं काही आपल्या भागात होतं का?

होतं. बार्शी लाइट रेल्वे!

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ पासून जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. मोठी रेल्वे जिथे परवडत नाही अशा भागात हलकी, स्वस्त, तरीही भरपूर माल वाहणारी रेल्वे करता येते, हे त्याला दाखवायचं होतं. बार्शी ही तेव्हा मोठी बाजारपेठ, पण मुख्य लोहमार्गापासून दूर. त्यानं अडीच फुटी गेज निवडलं आणि एक साधा नियम ठरवला: कोणत्याही ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. इंजिन असो की वॅगन, नियम सगळ्यांना सारखा. भार सारखा वाटला गेला की हलके रूळ चालतात आणि पैसे वाचतात.

आता तुम्हीच सांगा, इंजिनाला इतकी चाकं का? शक्तिशाली इंजिन जड असतं. ते जास्त ॲक्सलांवर वाटावं लागतं. ०-८-४ म्हणजे चार मोठे आणि दोन छोटे, एकूण सहा ॲक्सल. सहा पाचे तीस. म्हणजे इंजिन जास्तीत जास्त ३० टनांचं असू शकतं. लग्नाच्या पंगतीचं मोठं पातेलं दोघांनी उचललं तर कंबर मोडते, सहा जणांनी धरलं तर आरामात जातं. तोच हिशोब. ती विचित्र दिसणारी चाकं हौसेनं नव्हे, हिशोबानं आली आहेत.

ही इंजिनं इंग्लंडमधल्या लीड्स शहरात किटसन कंपनीनं बनवली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये रेल्वे पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये ती सरकारनं ताब्यात घेतली. पुढे पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, आणि नंतरची काही वर्षं मिरज जंक्शनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेजं नांदत होती. आज बार्शी लाइटचा मार्गही ब्रॉडगेज झालेला आहे. त्या छोट्या रुळांवरून गेलेली पिढी आता म्हातारी झाली.

जाता जाता एक गोष्ट. याच कॅलथ्रॉपनं पुढे विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट बनवलं. 'गार्डियन एंजल' असं त्याचं नाव.

पायरी ५ : दुसरे दावेदार तपासा

उत्तर मिळालं म्हणून वही मिटू नका. चांगला शोधक आपल्याच उत्तराच्या विरोधात पुरावा शोधतो.

०-८-४ टँक इंजिनं ब्रिटनमध्येही होती. ग्रेट सेंट्रल रेल्वेनं वॉथच्या मालगाडी यार्डासाठी अशी चार इंजिनं घेतली होती, आणि लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या आराखड्याची तीस इंजिनं १९२३ नंतर बनली. मग आपली प्रतिकृती त्यांची नसेल कशावरून? एक, रुंदीचा हिशोब. तो आपण केलाच. दोन, सिलिंडर. ग्रेट सेंट्रलच्या इंजिनाला तीन सिलिंडर होते, तर नॉर्थ वेस्टर्नच्या इंजिनाचे सिलिंडर चौकटीच्या आत होते, बाहेरून दिसत नसत. बार्शीच्या इंजिनाचे दोन सिलिंडर बाहेर, डोळ्यांना दिसणारे. आपल्या नमुन्यात दोन आणि बाहेर असतील, तर ब्रिटिश दावेदार मागे पडले.

शेवटचा ताळा छायाचित्राशी. धुराडं, घुमट, पाण्याच्या टाकीची लांबी, केबिनच्या खिडकीचा आकार, एकेक गोष्ट जुन्या फोटोशी लावून बघायची. जुळणाऱ्या गोष्टी एका रकान्यात, न जुळणाऱ्या दुसऱ्या रकान्यात. दुसरा रकाना कोरा ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा.

पायरी ६ : बनवणारा कोण?

आता दुसरा प्रश्न. इथे भिंग घ्या.

कारखान्यात बनलेल्या खेळण्यावर छापलेला किंवा ठोकलेला ट्रेडमार्क असतो. जर्मनीतल्या मेर्कलिन आणि बिंग, इंग्लंडमधल्या बॅसेट-लोक, हॉर्नबी, मामोद ही गाजलेली नावं. साच्यातून निघालेल्या भागांत आठही चाकं हुबेहूब सारखी असतात. हातानं केलेल्या कामात कानशीच्या खुणा दिसतात, दोन बाजूंच्या पायऱ्यांत मिलिमीटरभर फरक असतो.

मग स्क्रूचे आटे. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंश, ब्रिटिश असोसिएशनच्या बारीक आट्यांचा ४७.५ अंश, मेट्रिक आट्यांचा ६० अंश. थ्रेड गेज लावला की कळतं. मेट्रिक निघाले तर जर्मन खेळणं किंवा अलीकडचं काम, असा संशय घ्यायचा. व्हिटवर्थ निघाले तर? 'म्हणजे इंग्लंडमध्ये बनलं' असं म्हणायची घाई करू नका. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ चा. त्याआधी आपल्या कारखान्यांतही इंच आणि व्हिटवर्थच चालत. म्हणजे या आट्यांवरून काळाचा अंदाज येतो, देश कळत नाही.

देश सांगू शकेल तो बॉयलर. तांब्याचा बॉयलर नळीतून कापलेला आहे, की पत्रा वळवून केलेला? पत्र्यावर हातोडीच्या बारीक, एकसारख्या ठोक्यांच्या खुणा आहेत का? आपले तांबट याला मठारकाम म्हणतात. मठारल्यानं तांब्याला बळकटी येते. आणि आतली रचना बघा. आपल्या घरातला पाणी तापवायचा बंब आठवा: मधे नळी, नळीत आग, भोवती पाणी. छोट्या इंजिनाचा साधा बॉयलर म्हणजे आडवा झोपवलेला बंबच! बंब घडवणाऱ्या हातांना असा बॉयलर अवघड नव्हता.

आणि या भागात लेथ, ओतकाम आणि नकाशे वाचता येणारी माणसंही होती. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेव्हाच्या औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसवली. सातारारोडला कूपर यांच्या कारखान्यात नांगर आणि डिझेल इंजिनं बनली. एखाद्या हौशी फिटरनं फावल्या वेळात इंजिन केलं असेल, ही कल्पना अजिबात अचाट नाही. पण शक्य आहे आणि घडलं आहे, यांत फरक असतो. मठारकाम, हातच्या कानशीच्या खुणा आणि व्हिटवर्थ आटे एकत्र सापडले, तर 'बहुधा इथल्या कारागिराचं काम' इतकंच लिहायचं. कारागिराचं नाव हवं असेल तर कागद हवा: वही, नकाशा, पत्र, फोटोमागचा मजकूर.

पायरी ७ : घरातली आठवण तपासा

मौखिक साधन टाकाऊ नसतं, पण त्याला तारखांच्या चाळणीतून घालावं लागतं.

समजा घरातले म्हणतात, 'पणजोबांनी १९२० साली मिरज स्टेशनवर हे इंजिन बघून बनवलं.' लगेच तारीख तपासा. नॅरोगेज मिरजेला आलं १९२७ मध्ये. म्हणजे १९२० साली मिरजेत ते दिसणं शक्य नाही. मग आठवण खोटी? थांबा. पुढचा प्रश्न विचारा: 'पणजोबा वारीला जायचे का?' पंढरपूरला ही गाडी १९०६ पासून होती. आषाढीला गेलेल्या माणसानं तिथे ती पाहिली असेल आणि पुढे सांगताना पंढरपूरची मिरज झाली असेल. आठवणीतलं ठिकाण घसरतं, तारीख घसरते, पण गाभा खरा असू शकतो. म्हणून सांगणाऱ्याला 'चूक आहे' म्हणून गप्प करू नका. त्याला आणखी बोलतं करा. आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. पितळ अजून शंभर वर्षं टिकेल, आजी नाही.

काय करू नये

घासू नका. काळ्या थराखाली जुना रंग, अक्षरं, आकडे असू शकतात. चकाकी येते आणि पुरावा जातो.

रंगवू नका, तुटलेला भाग लगेच डाख लावून जोडू नका. तुटका भाग पिशवीत घालून सोबत ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पेटवून बघू नका. जुन्या बॉयलरचे सांधे कमकुवत झालेले असतात. वाफ दाबाखाली असते. सांधा सुटला तर उकळती वाफ आणि धातूचे तुकडे अंगावर येतात. जाणकार लोक आधी बॉयलर थंड पाण्यानं भरून त्याच पाण्याचा दाब देतात. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा फुटला तरी ते नुसतं गळतं, स्फोट होत नाही. हे काम त्यांचंच, आपलं नाही.

निष्कर्ष कसा लिहावा

शेवटी तीन रकाने करा.

नक्की : ०-८-४ टँक इंजिनाची प्रतिकृती, अडीच इंच गेज, दोन सिलिंडर बाहेर.
बहुधा : बार्शी लाइट रेल्वेसाठी किटसननं बनवलेल्या इंजिनावरून, १ : १२ प्रमाणात, दशमान पद्धत येण्यापूर्वी, स्थानिक हातांनी.
अजून कळायचं आहे : कारागिराचं नाव, नेमकं साल, त्यानं नकाशा कुठून मिळवला.

तिसरा रकाना लाजिरवाणा नाही. उद्या कुणाच्या तरी घरात एखादी वही निघेल आणि त्या रकान्यातली एक ओळ वर सरकेल. पण त्यासाठी तोवर वस्तू जागेवर असायला हवी. भंगाराच्या काट्यावर पितळाचा भाव मिळतो, ०-८-४ चा मिळत नाही.

प्रतिकृती बघायला आवडत असतील तर पुण्याला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर बघा. आणि सातारा जिल्ह्यात असाल तर औंधचं श्री भवानी संग्रहालय बघताना प्रत्येक वस्तूपुढे आजचे दोन प्रश्न विचारा: हे कशाचं आहे, आणि कुणी बनवलंय?

स्वाध्याय

१) एका प्रतिकृतीचं गेज ४५ मिमी आहे. खरी रेल्वे मीटरगेज असेल तर प्रमाण किती? अडीच फुटी असेल तर किती?
२) चार मोठ्या ॲक्सलांवर प्रत्येकी ५ टन आणि दोन छोट्या ॲक्सलांवर प्रत्येकी ४ टन भार असेल तर इंजिनाचं वजन किती? दोन छोटे ॲक्सल काढून टाकले आणि वजन तेवढंच ठेवलं तर प्रत्येक ॲक्सलवर किती भार येईल? कॅलथ्रॉपच्या नियमात ते बसेल का?
३) घरातली पन्नास वर्षांहून जुनी एक वस्तू निवडा: अडकित्ता, बंब, कंदील, काहीही चालेल. वरचे तीन रकाने भरा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर वस्तू पुन्हा एकदा नीट बघा.